भोंगा होईपर्यंत

आमचा सामना नव्वद मिनिटांचा कधीच नसायचा.
सार्डिनच्या होड्या बंदरात शिरल्या
की कारखान्याचा भोंगा व्हायचा
आणि मातोझिन्योशच्या बायका
असतील तिथून उठायच्या,
चुलीपुढून, मिस्सामधून, न्हाणीतून.
माझी आई उठायची
दक्षिणेकडच्या स्टँडमधून, सातव्या पायरीवरून.

प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा.
आमचा जरा घसा बसल्यासारखा.
मला ऐकू येण्याआधी तिला यायचा.
"रेफरीची शिट्टी रेफरीपाशी," म्हणायची,
आणि पिशवीतून एप्रन काढत
लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढायची.

बाबा तेव्हा न्यूफाउंडलंडच्या धुक्यात, कॉडच्या मागे.
सहा महिने त्यांचं सभासद-कार्ड तिच्याकडे.
फाटकावरचा आर्मेनियो
कार्डावरचा मिशीवाला फोटो बघायचा,
मग तिच्याकडे बघायचा.
"या सिल्वेरियो, आज मिशी काढलीत वाटतं."
दर रविवारी हेच.
दर रविवारी ती हसायची.

विंगर कसा वाचायचा ते तिनं शिकवलं.
चेंडूकडे बघू नकोस.
पायांकडे तर मुळीच नको,
पाय खोटं बोलतात.
मासा काय नि विंगर काय,
वळायचं असलं की आधी पोटातून वळतो.
हे सांगताना तिचा अंगठा हवेत
न दिसणाऱ्या सार्डिनचं डोकं मुरडायचा,
आतडं बाहेर, एका ओढीत.
आमचा फुलबॅक फसला की म्हणायची,
"याला एक आठवडा माझ्या टेबलाशी उभा करा."

उतारावरून खाली जाताना
मागे भिंतीपलीकडे कधीतरी आवाज फुटायचा.
आई थांबायची नाही.
"आपला," म्हणायची.
किंवा "त्यांचा."
त्यांचा गोल म्हणजे आवाज नसतोच,
हजार माणसांनी एकदम जीभ गिळल्यासारखं काहीतरी.
एकदा म्हणाली, "पेनल्टी. पण बाहेर."
खरंच बाहेर होती.

शेजारच्या देओलिंदाकडे रेडिओ होता.
निकाल मी ऐकून ठेवायचो, ऐवजासारखा.
रात्री दोनला ती यायची,
लिंबानं घासूनही खारट राहिलेल्या हातांनी
माझं पांघरूण सारखं करायची
आणि विचारायची, "किती?"
एका रात्री तिची बोटं चिरलेली होती,
डब्याच्या पत्र्यानं.
आम्ही हरलो होतो.
मी म्हणालो, "दोन-एक. आपण,"
आणि कूस बदलली.
अंधारात थोडा वेळ काहीच नाही.
मग म्हणाली,
"पोटातून वळलास."

ती मंगळवारी गेली.
सामना कुठेच नव्हता.
कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती.
नर्सनं घड्याळ बघून वेळ लिहिली.
काहीही वाजलं नाही.

पुढच्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा
सामना शेवटपर्यंत पाहिला.
शून्य-शून्य.
शेवटची वीस मिनिटं अशी असतात, मला माहीतच नव्हतं.
खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे,
चेंडू उगाच उंच उंच,
माझ्यापुढे एकजण केळं सोलत बसलेला.
एवढ्यासाठी मी तिचा हात ओढायचो,
"थोडंच राहिलंय, थोडंच."
पैसे कापतात, आई म्हणायची.

कारखान्याच्या जागी आता सदनिका आहेत.
धुराडं तेवढं राखलंय, शोभेला.

काल एकाहत्तराव्या मिनिटाला मी उठलो.
शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, आत्ता? एक-एक आहे."
म्हणालो, "भोंगा झाला."
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग उगाचच समुद्राकडे.

उतारावर, मच्छीबाजाराच्या वळणाशी,
मागून आवाज फुटला.
मी थांबलो नाही.
"आपला," म्हणालो, मोठ्यानं,
समोरून येणारी एक बाई दचकली.

आज पेपर घेतला नाही.